तन्मणी, नथ, काळे मणी: विकलेला माल दुरुस्तीला परत येतोय. दोरा चुकतोय की हात?

मणीकाम_विश्रामबाग (सांगली)

नमस्कार मंडळी. घरगुती मोतीकाम, विक्री ओळखीत आणि प्रदर्शनात. माल तीनच प्रकारचा: पाच पदरी तन्मणी, दाबाची (नाक न टोचता बसणारी) नथ आणि काळ्या मण्यांचं १८ इंची मंगळसूत्र. संक्रांतीपासून १४० नग गेले (तन्मणी ५२, मंगळसूत्र ४८, नथ ४०). त्यातले २३ परत आले. वहीतली नोंद अशी:

तन्मणी ९. सहा हुकाजवळ तुटले, तीन मध्येच, खोडाच्या (मधल्या पदकाच्या) आसपास.
मंगळसूत्र ८. पाच गिअर लॉकपाशी (वायरीचं टोक दाबून बंद करायच्या धातूच्या छोट्या नळीपाशी) तुटले, तिघांच्या वाट्या काळ्या पडल्या.
नथ ६. चार सैल पडल्या, दोघींच्या मोत्यांचा रंग सोलला.

साहित्य: तन्मण्याला ३ मिमी मोती (दुकानदार 'ग्लास' म्हणतो), ०.२५ मिमी तंगूस (नायलॉनचा एकसंध, पारदर्शक दोरा), शेवटच्या गाठीवर सुपर ग्लूचा थेंब. मंगळसूत्राला काळे क्रिस्टल मणी, ०.३८ मिमीची गिअर वायर (प्लॅस्टिकचं आवरण असलेली बारीक पोलादी तार), लॉक चपट्या पकडीने दाबून. नथीला २४ गेजची तांब्याची तार. सगळी जोडणी साध्या कडीने (जंप रिंग).

दर: तन्मणी ३५०, मंगळसूत्र २५०, नथ १५०. एवढं करून महिन्याअखेरीस हाती फार काही उरत नाही. श्रावणातल्या मंगळागौरीच्या आधी हे सगळं ताळ्यावर आणायचं आहे. काय बदलू?

---

गाठवणी_मिरज

ताई, वही ठेवलीत म्हणून अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

आधी एक हिशेब. तुमच्या तन्मण्याचं वजन मोती, खोड, हूक धरून फार तर ३०-४० ग्रॅम. ०.२५ ची चांगली तंगूस काही किलो पेलते. म्हणजे दागिना ओझ्याने तुटत नाही. तो घासून तुटतो, नाहीतर गाठीपाशी ठिसूळ होऊन तुटतो. पुढचं सगळं यावरच आहे.

हुकाजवळचे सहा. सुपर ग्लू गाठीवर थांबत नाही, दोऱ्यावरून दोन-चार मिलिमीटर पुढे झिरपतो आणि तेवढा भाग काचेसारखा कडक होतो. जिथे कडक भाग संपून मऊ दोरा सुरू होतो, तिथेच प्रत्येक हालचालीला वाकण पडते. तुटलेल्या नगाचं टोक नखाने दाबून बघा. कटकन मोडलं तर गोंदाचा दोष, केसाळ फुललेलं असेल तर घासण्याचा. आणि तिसरी शक्यता: टोक अखंड आहे, दोरा नुसता कडीतून निसटलाय. साध्या कडीच्या तोंडाला नेहमीच थोडी फट राहते, पाव मिलिमीटरचा दोरा त्यातून सहज बाहेर पडतो. दोरा बांधायचा तो डाग दिलेल्या (तोंड सोल्डरने जोडलेल्या) बंद कडीलाच. साधी कडी फक्त धातूला धातू जोडायला.

तंगूस तन्मण्याला नकोच. तिला गुंडाळीची सवय असते म्हणून सर गळ्यावर लोळत नाही, कमानीसारखा उभा राहतो. गुळगुळीत असल्यामुळे गाठही सरकते, आणि म्हणूनच गोंद लावावासा वाटतो. ०.२ मिमी बॉन्डेड नायलॉन दोरा घ्या, दुहेरी ओवा. ०.२ च का? ३ मिमी मोत्याचं भोक ०.६ ते ०.८ मिमी असतं. शेवटच्या मोत्यांतून दोरा परत फिरवायचा, म्हणजे तिथे एकूण चार दोरे जाणार. चार दोरे गोल भोकात बसायला दोऱ्याच्या जाडीच्या साधारण २.४ पट भोक लागतं. ०.२ ला ०.४८, आरामात बसतं. ०.२५ ला ०.६, म्हणजे सुई अडकणार आणि ओढाताणीत मोत्याच्या तोंडाचा लेप उडणार. सुई १२ नंबरची. नंबर वाढेल तशी सुई बारीक.

टोक असं बंद करा. भरतकामाच्या दुकानात झरदोसीची पोकळ स्प्रिंग मिळते, तिचा ५ मिमी तुकडा कापा. शेवटचा मोती ओवला की सुई स्प्रिंगमधून न्या, मग बंद कडीतून, आणि त्याच शेवटच्या मोत्यातून परत. हळू ओढलं की स्प्रिंगचा छोटा फास कडीभोवती बसतो. आता दोरा धातूला लागतच नाही, घासायचं ते स्प्रिंग घासते. त्या मोत्याच्या मागे सरावर गाठ मारा, पुढचा मोती ओलांडून दुसरी गाठ, आणखी दोन-तीन मोत्यांतून दोरा नेऊन मगच कापा. गाठीत फास दोनदा फिरवा, एकदाच फिरवलेली नायलॉनवर सुटते. गोंद हवाच असेल तर बी-७०००, तोही सुईच्या टोकावर येईल एवढाच. वाळला तरी रबरासारखा लवचीक राहतो. मात्र २४ तास हात लावू नका.

मधले तीन. खोडाच्या मागच्या कड्या बघा. पितळी पत्र्याला भोक पाडलं की एका बाजूला बारीक धार वर येते. मोबाइलचा कॅमेरा पूर्ण मोठा करून बघितलं तर ती कड करवतीसारखी दिसते. गोल बारीक कानशीने भोकाच्या दोन्ही बाजूंनी चार-चार फेरे द्या, मग कापसाचं बोंड फिरवून बघा. तंतू अडकला तर अजून धार आहे. खोडातून दोरा जाईल तिथेही झरदोसीचा तुकडा घालायला हरकत नाही.

पदरांची लांबी. पाचही सर सारखेच करत असाल तर खालचे वर ओढले जातात आणि सगळा ताण सर्वांत वरच्या, आखूड बसलेल्या सरावर येतो. ३ मिमी मोत्याला प्रत्येक खालच्या सराला दोन मोती जास्त. वरचा १०२ (बारा इंच), मग १०४, १०६, १०८, ११०. एकूण ५३०. हातात गोल धरून बघा, पदर एकमेकांखाली पायरीसारखे बसले पाहिजेत.

मंगळसूत्राला गिअर वायर बरोबर आहे, तिथे दोरा चालणारच नाही. क्रिस्टलच्या भोकाची कड धारदार असते, नायलॉन महिन्यात कापेल. चूक लॉक दाबण्यात आहे. चपट्या पकडीने लॉकचा पत्रा होतो आणि त्याच्या दोन कडा वायरवर सुरीसारख्या बसतात. दोन खाचांची क्रिंप पक्कड घ्या. आतल्या खाचेत आधी दाबा: लॉकला मधोमध दरी पडते, दोन वायरी दोन बाजूंना वेगळ्या होतात. मग लॉक पाव फेरा फिरवून बाहेरच्या खाचेत दाबा: तो दुमडून गोल मण्यासारखा होतो. दाबण्याआधी दोन्ही वायरी एकमेकींवर चढलेल्या नाहीत ना, ते बघायचं. चढलेल्या असतील तर दाबताना एक दुसरीला कापते. ०.३८ वायर दुहेरी जायला २ मिमीचं लॉक, शेपूट अडीच-तीन सेंटिमीटर मण्यांतून मागे.

आणि माळ घट्ट ओढू नका. बंद करायच्या आधी मुठीएवढ्या वर्तुळात वाकवून बघा. काठीसारखी ताठ राहिली तर दीड-दोन मिलिमीटर ढील द्या. बहुतेक घरगुती माळा इथेच मरतात, कारण घट्ट माळ टेबलावर फार सुबक दिसते.

---

कृष्णाकाठ_कराड

वरच्या उत्तरातलं बाकी सगळं मान्य, पण तंगूस सरसकट टाकून देऊ नका. मण्यांचं तोरण, रुखवतातली मोत्यांची कमळं, मोत्याचा गणपती अशा उभ्या राहायच्या वस्तूंना तंगूसच लागते, दोऱ्याने त्या बसक्या होतात. गळ्यात लोळायचं त्याला दोरा, आकार धरायचा त्याला तंगूस.

संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्यांसाठी: तिथे यातलं काहीच लागू नाही. हलव्याला भोक पडत नाही, दाणा दोऱ्याच्या फासात आवळून बांधायचा असतो. साधा पांढरा सुती दोरा. नायलॉनच्या फासातून दाणा निसटतो.

---

गलाई_विटा

मी पॉलिशपुरतं बोलतो. विटा-खानापूर-आटपाडीकडं घरटी कोणतरी गलाईत असतंय, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली माणसं, त्यामुळं हा विषय आमच्या पारावरचा.

तुमच्या वाट्यांसारखा सोन्याची झिलई दिलेला माल बाजारात 'एक ग्रॅम' म्हणून विकतात. 'एक ग्रॅम'चा दागिना म्हणजे त्यात एक ग्रॅम सोनं असतंय असं नव्हे. ते नुसतं नाव पडलंय. हिशेब असा. सोन्याची घनता १९.३. एक चौरस सेंटिमीटरवर एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) थर चढवायला साधारण १.९ मिलिग्रॅम सोनं लागतंय. तुमची वाटी पुढून-मागून मिळून चार चौरस सेंटिमीटर धरली तर पूर्ण मायक्रॉनला पावणेआठ मिलिग्रॅम. दहा-पंधरा रुपयाच्या जोडीत कोण देणार? त्यावर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाचा नाहीतर त्याहून पातळ झिलई असतीय. एवढ्या पातळ थराला बारीक छिद्रं राहतात. घाम त्यातून खाली पितळापर्यंत जातो, पितळातलं तांबं काळं-हिरवं होऊन वर येतंय. म्हणजे वरचं सोनं काळं पडत नाही, खालचं तांबं वर येतंय.

म्हणून घेताना रंग बघू नका. थर किती मायक्रॉनचा आणि खाली काय आहे, हे दोन विचारा. पितळ आणि सोन्याच्या मध्ये निकेलचा थर असला तर तांबं वर यायला वेळ लागतो, पण काही जणींना निकेलनं खाज सुटते, पुरळ उठतो. नाका-कानाला टोचून घालायचं असेल तर निकेल नकोच, तिथं ९२.५ ची चांदी. चांदीच्या कामाचं गाव हुपरी तुम्हाला लांब नाही. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेल्या वाट्या महाग पडतील, पण त्या परत पॉलिशला देता येतात.

विकत घ्यायच्या आधी पारख करायची घरची रीत: कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि व्हिनेगरचे चार थेंब. त्यात टिश्यू ओला करून पिळायचा, दोन-तीन दुकानांच्या वाट्या वेगवेगळ्या गुंडाळायच्या, झाकणाच्या डब्यात रात्रभर. सकाळी जिच्या कडेला हिरवट-काळा डाग तिला रामराम. यानं दागिना किती महिने टिकेल ते कळत नाही, पण कुठली वाटी कुठलीपेक्षा बरी ते नक्की कळतंय.

पॅकिंगमध्ये एक चूक सगळे करतात. चांदीच्या दागिन्याला रबर बँड लावतात. रबरात गंधक असतंय, चांदी तिथंच पट्टा मारल्यासारखी काळी होते. झिपची प्लॅस्टिक पिशवी, आतली हवा दाबून काढलेली, एवढं पुरतंय. गिऱ्हाइकाला चिठ्ठी द्या: अत्तर, स्प्रे आधी, दागिना शेवटी. चिंच, लिंबू, भांड्याची पावडर लावायची नाही, पातळ झिलई एका घासणीत जाते. नुसत्या मऊ कोरड्या फडक्यानं पुसायचं.

---

मोतीचौक_सातारा

नथीचं मी घेते. सैल पडलेल्या चार नथींचं कारण तुम्हीच लिहिलंय: तांब्याची तार, २४ गेज. दाबाच्या नथीत तारच स्प्रिंगचं काम करते. तांबं मऊ. दाबलं की दाबलेलं राहतं, परत उसळत नाही. त्यात २४ गेज म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

गेजवर मुळीच जाऊ नका, मिलिमीटर मागा. गेजची दोन मापं चालतात. २४ म्हणजे एका मापात ०.५१ आणि दुसऱ्यात ०.५६. २० म्हणजे एकात ०.८१, दुसऱ्यात ०.९१. आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्याचं माप एक आणि ऑनलाइन परदेशी व्हिडिओचं दुसरं, म्हणून व्हिडिओ बघून केलेली नथ कधी घट्ट होते, कधी सैल.

दाबाच्या नथीला ०.८ मिमी पितळी तार, अर्धकडक. मऊच मिळाली तर ३० सेंटिमीटर तुकड्याचं एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळा, दुसरं पकडीत धरून जागच्या जागी आठ-दहा फेरे पिळा. गोल तार पिळली तरी दिसायला तशीच राहते, पण कडक होते. मग ९ सेंटिमीटर तुकडा कापा. दोन्ही टोकं कानशीने गोल करा आणि गालावर फिरवून बघा. बोटाला जे टोचत नाही ते गालाला टोचतं, आणि नाक गालापेक्षा नाजूक.

कमान पेनाच्या टोपणावर वळवा, दोन टोकांत दीड मिलिमीटर फट ठेवा. नाकाला बसवताना टोकं वाकवायची नाहीत, कमानच उघडायची-मिटायची. टोकाशी तीच तार पुन:पुन्हा वाकवली की तिथे आधी कडक होते आणि मग मोडते. गिऱ्हाइकालाही हे स्टॉलवर हातात धरून दाखवा. घरी गेल्यावर सगळ्याजणी टोकंच दाबतात.

मोत्यांसाठी ०.३ मिमीची तार, ४० सेंटिमीटर. कमानीला तीन घट्ट वेढे देऊन सुरुवात. खालच्या रांगेत ४ मिमीचे पाच मोती: तार मोत्यातून, कमानीला दोन वेढे, मग पुढचा. वेढे मोजून दोनच, एकाला दोन दुसऱ्याला तीन झाले की रांग तिरकी जाते. त्यावर दुसऱ्या रांगेत ३ मिमीचे चार मोती, खालच्या दोन मोत्यांच्या मधल्या खाचेत बसतील असे. मधोमध लाल खडा, दोन बाजूंना हिरवे. खडा शेवटी, कारण खड्याच्या घराच्या कडेवर तार घासली की तुटते आणि मग सगळं उसवावं लागतं. शेवटचं टोक कापून आत, मोत्याच्या पोटाखाली दाबा. पुरी नथ काट्यावर ठेवा, ४ ग्रॅमच्या वर दाबाची नथ टिकत नाही, घरंगळते.

रंग सोललेले मोती बहुधा प्लॅस्टिकचे. 'ग्लास' हा शब्द बाजारात फार स्वस्त झालाय. छोटा ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या आणि ३ मिमीचे १०० मोती तोला. काच असेल तर ३.२ ग्रॅमच्या आसपास भरतील, प्लॅस्टिक दीडच्या आत. तापवलेली सुई भोकाच्या कडेला टेकवली तरी कळतं, प्लॅस्टिक वितळून ओढलं जातं. अर्थात लेप काचेच्या मोत्यालाही असतो, फक्त चांगल्या मालाचा भोकाशी सुटत नाही. भोकाच्या कडेवरून नख फिरवा, पापुद्रा उठला तर ती लडी परत.

---

मणीकाम_विश्रामबाग (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. १०० मोती तोलले: १.४ ग्रॅम. सुई टेकवायची गरजच पडली नाही. :(

तुटलेली नऊ टोकं तपासली. हुकाजवळच्या सहापैकी चार नखाने कटकन मोडली, दोन कडीतून निसटलेली. खोडाच्या तिन्ही कड्यांना धार आहे.

आता दराचं. खरे आकडे देते, लाज कसली. तन्मणी: मोती ६०, खोड ५५, हूक-दोरी १५, सुई-दोरा-कड्या ५, डबी २०, एकूण १५५. वेळ दोन तास. मंगळसूत्र: साहित्य ९५, पाऊण तास. नथ: ४८, पन्नास मिनिटं. प्रदर्शनाचं तीन दिवसांचं भाडं ३००० आणि त्यात साधारण ५० नग जातात. दुरुस्तीला एका तन्मण्यामागे साहित्य-कुरिअर मिळून १०० रुपये आणि पाऊण तास.

आणि एक: प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारतात तसं तन्मण्याला करायचं का?

---

हिशेबी_तासगाव

ताई, तुमच्या आकड्यांतच गंमत आहे, बघा.

भाडं नगावर सारखं वाटू नका, विक्रीच्या टक्क्यात धरा. तुमच्या १४० नगांची विक्री ३६,२०० रुपये, म्हणजे सरासरी नग २५९. पन्नास नगांचे १२,९५० होतात, त्यातले ३००० भाडं, म्हणजे २३ टक्के. हे प्रत्येक दरातून आधी वजा.

तन्मणी ३५०: भाडं ८१, साहित्य १५५. उरले ११४. नऊ दुरुस्त्यांचे ९०० रुपये ५२ नगांवर पसरले तर नगामागे १७. उरले ९७. वेळ दोन तास आणि दुरुस्तीची नगामागे आठ मिनिटं. ताशी ४५ रुपये.

नथ १५०: भाडं ३५, साहित्य ४८. उरले ६७, पन्नास मिनिटांत. ताशी ८०.

मंगळसूत्र २५०: भाडं ५८, साहित्य ९५. उरले ९७, पाऊण तासात. ताशी १२९.

(नथ आणि मंगळसूत्राच्या दुरुस्त्या यात धरलेल्या नाहीत, त्या धरल्या की दोन्ही थोडे खाली येतील. पण क्रम तोच.)

म्हणजे स्टॉलवर ज्याच्याभोवती गर्दी होते आणि ज्याच्यावर तुमचे सर्वांत जास्त तास जातात, तोच तन्मणी तुम्हाला सर्वांत कमी देतो. ताशी १०० हवे असतील तर साहित्य १५५, दुरुस्ती १७ आणि मजुरी २१३ मिळून ३८५ झाले, भागिले ०.७७. दर ५०० येतो. काचेचे मोती घेतले की साहित्य वाढेल, तेवढं त्यात घाला.

५०० ला गिऱ्हाईक बिचकेल असं वाटत असेल तर ३५० लाच विकत बसू नका, तीन पदरी करा. १०२, १०४, १०६ असे ३१२ मोती. मोत्यांचा खर्च ६० वरून ३५ वर येतो, साहित्य १३०. वेळ तास-पंचवीस मिनिटं. तोच हिशेब लावला तर ३७५ पडतो. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवा. पाच पदरी ५०० ला, तीन पदरी ३७५ ला. घासाघीस करणाऱ्या बाईला उतरायला जागा मिळते आणि तुमचा तास शंभरच्या खाली जात नाही.

वेळ मोजताना एकच नग मोजू नका. दहा खोडांच्या कडा एकदम घासा, दहा नगांच्या झरदोसीचे तुकडे एकदम कापा, सर दहा नगांचे ओवून ठेवा, मग एकूण वेळ दहाने भागा. सुई-कानस-पक्कड उचलणं-ठेवणं यातच नगामागे बराच वेळ जातो.

मोती लडीच्या भावाने घेता तेव्हा लडी मोजा. सोळा इंची सांगितलेली लडी चौदाही भरते. फुटके, भोक बंद असलेले, चपटे असे शेकडा पाच तरी बाजूला निघतात हे धरूनच ५३० ऐवजी ५६० घ्या.

टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टचे वजनाचे टप्पे ५०, २५० आणि ५०० ग्रॅम असे आहेत. डबीसकट २६० ग्रॅम भरलं की पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. डबी निवडायच्या आधी तोला.

---

कर_सल्ला_फलटण

थोडक्यात, कारण हा प्रश्न पुढे येणारच. इमिटेशन ज्वेलरीचा एचएसएन (करासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) ७११७, जीएसटी ३ टक्के. महाराष्ट्रात फक्त मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. मोठ्या संकेतस्थळांवरून राज्यातल्या राज्यात विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवायही चालतं, फक्त जीएसटीच्या पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घ्यावा लागतो. निपाणी-बेळगाव आपल्याला हाकेच्या अंतरावर, पण ते दुसरं राज्य. तिकडे नियमित माल पाठवणार असाल तर आधी सीएकडे बसा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधारवर, ऑनलाइन आणि फुकट आहे. तिच्यासाठी कुणी पाचशे-हजार मागितले तर देऊ नका. आणि डबीवर 'गोल्ड' नुसतं छापू नका, 'गोल्ड प्लेटेड' छापा.

---

गाठवणी_मिरज

गाठींचं राहिलं होतं. प्रत्येक मोत्यानंतर गाठ ५ मिमीपासून पुढच्या मोत्याला, आणि खऱ्या, कल्चर्ड मोत्याला तर हवीच. दोन मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटली तर एकच मोती घरंगळतो. ६ मिमीच्या सोळा इंची माळेत गाठीशिवाय ६७ मोती बसतात, गाठींसह ६० च्या आसपास, म्हणजे तिथे मोतीही वाचतात. पण ३ मिमीच्या ५३० मोत्यांना ५३० गाठी? तुमचा तासाचा सगळा हिशेब बुडाला. आणि इतक्या बारीक मोत्यात गाठ मोत्याएवढीच दिसायला लागते. तन्मण्याला प्रत्येक सराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन गाठी आणि खोडाच्या दोन्ही बाजूंना एक-एक. बास.

रेशीम वापरायचा मोह झाला तर ओवायच्या आदल्या रात्री दोऱ्याला अर्धा किलोचं वजन बांधून टांगून ठेवा, नाहीतर पहिल्या महिन्यातच सर पाव इंच लांबतो आणि मोत्यांमधून दोरा दिसायला लागतो. शिवाय हळदीकुंकवाला घालायचा दागिना: रेशमाला हळद लागली की निघत नाही. आपल्या सांगलीची हळद तर विचारूच नका. नायलॉनवरही डाग पडतो, पण ओल्या फडक्याने लगेच पुसला तर बराचसा जातो.

परत आलेले नऊ तन्मणी जुन्याच दोऱ्याला जोड देऊन परत करू नका. सगळे उसवा. उसवताना सर उभा धरून दोरा कापू नका, मोती खोलीभर होतात. ताटात ओला नॅपकिन पसरा, त्यावर सर आडवा ठेवा आणि दर दहा मोत्यांनंतर कापा. प्लॅस्टिकचेच मोती परत वापरणार असाल तर भोकाशी पापुद्रा उठलेले वेगळे काढा, ते तोरणाला जातील. खोडाच्या कडा घासून झाल्या की कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कानशीचा पितळी चुरा कडीत राहिला तर नव्या दोऱ्यालाही तोच कापेल.